त्याला मैदानाबाहेर काढलं, आणि मला बरं वाटलं

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगा मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात 'सेफ्टी' म्हणून, म्हणजे बचावाच्या शेवटच्या फळीत खेळतो. गेल्या सीझनमध्ये एका सामन्यात तिसऱ्या क्वार्टरला त्याने झेल घेणाऱ्या मुलाला जोरात धडक दिली. पंचांनी पिवळा रुमाल टाकला, रिप्ले पाहिला आणि 'टार्गेटिंग' ठरवून त्याला बाहेर काढलं. पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही त्याला बसून काढावा लागला. तो आणि त्याचे बाबा अजून त्यावरून धुमसताहेत. हे सांगलीला कॉलेजात कबड्डी खेळलेले. 'अंगाला अंग लागणार नसेल तर त्याला खेळ कशाला म्हणायचं?' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फेब्रुवारीत नवीन नियमांची चर्चा सुरू झाली की आमच्याकडे जेवताना रोज हाच विषय. किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना चेंडू लाथेने समोरच्यांकडे मारायचा प्रकार, ठेवायचा की काढायचा, टार्गेटिंगची शिक्षा कमी व्हावी की नाही. मुलगा फोनवर, हे ताटावर. मी पोळ्या वाढते आणि गप्प बसते.

कारण खरं सांगू? त्याला बाहेर काढलं तेव्हा मला बरं वाटलं. उरलेला सामना मी पहिल्यांदाच पाठ टेकून पाहिला. नंतर त्याचा पडलेला चेहरा दिसला आणि स्वतःचीच लाज वाटली. नियम अजून कडक व्हावेत असं मला मनापासून वाटतं, पण मला खेळातलं कळत नाही. मी बोलावं का? आणि काय बोलावं?

– एक आई, एडिसन

प्रिय मैत्रीण,

बोला. आणि 'मला खेळातलं कळत नाही' हे आधी डोक्यातून काढून टाका. मी बावीस वर्षं इथल्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात फिजिओथेरपिस्ट होते. सामन्याच्या दिवशी स्टँडमध्ये बसलेल्या आया मी खालून, मैदानाच्या कडेवरून पाहिल्या आहेत. चेंडू कुठे गेला याकडे त्यांचं लक्षच नसतं. ढिगाऱ्याखालून आपला मुलगा उठला का, एवढंच त्या बघतात. तुम्हाला जे बरं वाटलं ते त्यातल्या प्रत्येकीला कधी ना कधी वाटलेलं आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि मुलाच्या स्वप्नाशी तर त्याचा काही संबंध नाही.

या खेळात नियम बदलण्याची सुरुवातच मुळी एका बापाच्या काळात झाली. १९०५ साली अमेरिकेत फुटबॉल खेळताना दीड डझनाच्या आसपास तरुण मुलं दगावली होती. खेळ बंद करा अशी मागणी जोरात होती, कोलंबिया विद्यापीठाने तो बंद केलाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघातून खेळत होता, आणि पुढच्याच महिन्यात येलविरुद्ध त्याचं नाक फुटलं. रूझवेल्ट या खेळाचे मोठे चाहते होते. खेळ टिकावा म्हणूनच त्यांनी तो सुधारायला लावला. १९०६ मध्ये पुढे चेंडू फेकायची, म्हणजे फॉरवर्ड पासची मुभा आली, माणसांच्या घोळक्याने रेटत जायचा खेळ मोकळा झाला, आणि कॉलेजांमधल्या खेळांचे नियम ठरवणारी, आज जिला आपण एनसीएए म्हणतो ती संस्था त्याच धामधुमीत जन्माला आली. आज तुमचे मिस्टर ज्या लांबलचक पासवर टाळ्या वाजवतात तो पास सुरक्षेच्या वादातून आलेला आहे. नियमांनी खेळाची वाट लागते असं ते पुन्हा म्हणाले तर हे सांगा.

आता टार्गेटिंग. नियम दोन गोष्टींना मनाई करतो. हेल्मेटचा माथा पुढे करून कुणालाही ठोकायचं नाही. आणि जो स्वतःला वाचवायच्या स्थितीत नाही, उदाहरणार्थ झेल घेण्यासाठी हवेत असलेला खेळाडू, त्याच्या डोक्यावर किंवा मानेवर जोराचा आघात करायचा नाही. २००८ पासून त्याला १५ यार्डांचा दंड होता, म्हणजे चेंडू तेवढा चुकणाऱ्या संघाच्या विरुद्ध सरकायचा; २०१३ पासून खेळाडूला बाहेर काढतात.

तुमच्या घरात हा नियम समोरच्या मुलाला वाचवण्यासाठी आहे असं धरून वाद चाललाय. तो धडक देणाऱ्यालाही वाचवतो, आणि मला वाटतं हेच तुम्ही सांगायला हवं. मान ताठ असते तेव्हा तिला मागच्या बाजूला थोडा बाक असतो आणि धक्का त्या बाकात जिरतो. डोकं खाली घातलं की मणके एका सरळ रेषेत येतात, आणि माथ्यावर बसलेला मार जिरायला जागाच राहत नाही. हेल्मेट कडक आणि चांगली होत गेली तशी मुलं डोकं हत्यारासारखं वापरायला लागली. १९७६ मध्ये डोक्याने अशी धडक मारण्यावर बंदी आली. त्या वर्षी शाळा आणि कॉलेज मिळून मान मोडून कायमचे लुळे पडलेले खेळाडू ३४ होते. १९८४ मध्ये ५. मुलं तशीच, मैदानं तीच. बदलली ती धडकायची पद्धत, आणि ती नियमामुळे बदलली.

तुमच्या घरापासून रटगर्स विद्यापीठाचं स्टेडियम जवळच आहे. त्यांच्या एरिक लग्रँडचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १६ ऑक्टोबर २०१०, आर्मीविरुद्धचा सामना, किकऑफनंतरची धावपळ. लग्रँडने डोकं खाली घालून टॅकल केलं, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवून पाडायला गेला, आणि त्याची मान गेली. तो तिथेच मैदानावर पडून राहिला, मानेखाली लुळा. धडक देणारा तो होता. पुढे रटगर्सने त्याचा ५२ नंबर कायमचा निवृत्त केला, त्या विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पंचांनी तुमच्या मुलाला बाहेर काढलं तेव्हा ते कुणाच्या मानेची काळजी करत होते, हे त्याला कळावं म्हणून सांगते.

मिस्टरांना मात्र एका बाबतीत मी पाठिंबा देईन. हा नियम कधीकधी अन्याय करतो. टॅकल करणारा खाली झुकलेला असतो, समोरचाही शेवटच्या क्षणी झुकतो, आणि छातीवर बसायचा खांदा डोक्यावर बसतो. हेतू काय होता याचा विचार नियम करत नाही. सुरुवातीच्या वर्षी तर असं होतं की रिप्ले पाहून बाहेर काढण्याचा निर्णय रद्द झाला तरी १५ यार्ड जायचेच. लोक ओरडले, पुढच्या वर्षी ते सुधारलं. २०१९ पासून रिप्लेत सगळ्या अटी पक्क्या दिसल्या नाहीत तर टार्गेटिंग मागे घ्यावंच लागतं. म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलावर होते तशा भांडणांमधूनच हा नियम घडलाय. आता बास्केटबॉलसारख्या दोन पायऱ्या कराव्यात, साध्या चुकीला फक्त यार्ड आणि दुष्टपणाला बाहेरचा रस्ता, असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. १५ यार्डांचा दंड कोच एका डावात विसरतो. हातातला खेळाडू गेला की त्याला सोमवारच्या सरावात टॅकल नव्याने शिकवावं लागतं. पुढच्या सामन्याचा अर्धा भाग पहिल्या चुकीला माफ झाला तर माझी हरकत नाही, पण त्या दिवसापुरतं बाहेर जाणं राहिलंच पाहिजे.

तुमच्या मिस्टरांना कबड्डीतली कैची आठवत असेल. चढाई करणाऱ्याला पायांच्या कैचीत धरायला आणि त्याचा दम तोंड दाबून किंवा गळा आवळून तोडायला कबड्डीत मनाई आहे. म्हणून कबड्डीतली रग कमी झाली का? त्यांनाच विचारा.

किकऑफबद्दल माझं मत अगदी स्पष्ट आहे, कारण तिथे पुरावा आहे. दोन्ही बाजूंची मुलं पूर्ण वेगात चाळीस-पन्नास यार्ड धावत येऊन एकमेकांवर आदळतात, असे प्रसंग या खेळात फार थोडे. २०१६ मध्ये आयव्ही लीगने, म्हणजे हार्वर्ड, येल अशा आठ जुन्या विद्यापीठांच्या साखळीने, एक साधा बदल केला. किकऑफ ३५ऐवजी ४० यार्डांवरून, म्हणजे चेंडू जास्त वेळा शेवटच्या रेषेपलीकडे जाईल आणि कुणी तो घेऊन धावणार नाही. सोबत, चेंडू घेऊन न धावता संघाला जिथून खेळ सुरू करायला मिळतो ती जागा २५ऐवजी २० यार्डांवर आणली, म्हणजे मुद्दाम तिथे थांबायचा मोह नको. आधी दर १००० किकऑफमागे जवळपास ११ कन्कशन, म्हणजे मार बसून मेंदूला होणाऱ्या इजा, होत होती, नंतर २. पाच यार्ड सरकवल्याने एवढा फरक! माझ्या अख्ख्या नोकरीत मी शिकवलेल्या कुठल्याही व्यायामाने याच्या पासंगालाही पुरेल एवढं साधलं नाही. आणि यात खेळाचं गेलं काय? तुमच्या मुलाने हार्वर्ड-येल सामना पाहावा आणि सांगावं.

पण सुरक्षेचं नाव घेतलेला प्रत्येक प्रस्ताव चांगला असतो असं समजू नका. २०१४ मध्ये नियम समितीने सुचवलं होतं की आधीची खेळी संपून ४० सेकंदांचं घड्याळ सुरू झाल्यापासून पहिले १० सेकंद आक्रमण करणाऱ्या संघाने खेळ सुरू करू नये, बचावाला खेळाडू बदलायला वेळ मिळावा. कारण दिलं सुरक्षेचं. अलाबामाचे तेव्हाचे कोच निक सेबन आणि आर्कान्सासचे ब्रेट बिलेमा याच्या बाजूने होते, आणि दोघांचेही संघ सावकाश, ताकदीचा खेळ खेळणारे. ऑबर्न, अ‍ॅरिझोना असे भराभर खेळणारे संघ खवळले. त्यांनी एकच प्रश्न लावून धरला, की वेगामुळे जास्त इजा होतात याची आकडेवारी दाखवा. ती कुणाकडे नव्हती. त्या वर्षी सुरक्षेखेरीज दुसऱ्या कारणाने नियम बदलायची मुभाच नव्हती, त्यामुळे सुरक्षेचा शिक्का का मारला हे उघड होतं. मार्च उजाडला आणि प्रस्ताव बाजूला पडला. घरात नवीन नियमावरून वाद पेटला की तुम्हीही एवढंच विचारा: यामुळे डोकी कमी फुटतील हे कुणी मोजलंय का, आणि यातून कुणाचे सामने जिंकले जाणार आहेत? एवढं विचारणारी बाई खेळातलं कळणारी असते.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याबद्दल. तुम्ही शनिवारचा सामना टीव्हीवर पाहता. तुमच्या मुलाचं डोकं सर्वांत जास्त आपटतं ते मंगळवारी-बुधवारी, आणि त्याहून जास्त ऑगस्टच्या कॅम्पमध्ये, जिथे ना कॅमेरा असतो ना पिवळा रुमाल. २०१५ ते २०१९ या पाच सीझनमध्ये सहा विद्यापीठांतल्या ६५८ खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये सेन्सर बसवून एक मोठा अभ्यास झाला. १०० पैकी ७२ कन्कशन सरावात झालेली निघाली. सीझन सुरू होण्याआधीचा सराव म्हणजे एकूण काळाचा साधारण पाचवा हिस्सा, पण जवळपास निम्मी कन्कशन त्यातली. हे आकडे आले आणि २०२१ मध्ये एनसीएएने कॅम्पमधले पूर्ण टॅकलचे सराव २१ वरून ९ वर आणले, एका सरावात असं टॅकल ७५ मिनिटांच्या वर नको म्हटलं, आणि दोन मुलांना समोरासमोर उभं करून नुसतं भिडवायचे जुने प्रकार बंद केले. या बदलावर तुमच्या घरात कधी वाद झाला का? मला नाही वाटत. तो टीव्हीवर दिसत नाही. पण तुमच्या मुलाच्या मेंदूला टार्गेटिंगच्या नियमापेक्षा या नियमाने जास्त वाचवलं असेल.

डार्टमथ कॉलेजच्या बडी टीव्हन्स या कोचने तर हे २०१० मध्येच, कुणी सांगायच्या आधी केलं होतं. सरावात आपल्याच सोबत्याला टॅकल करायचं नाही. मुलं गाद्यांवर आणि डमीवर टॅकल शिकायची, पुढे विद्यापीठाच्या इंजिनिअरांनी त्यांच्यासाठी मैदानभर पळणारी रिमोटवरची डमी बनवली. लोक म्हणाले, पोरं मऊ पडतील. २०१५ मध्ये डार्टमथने आयव्ही लीगचं विजेतेपद वाटून घेतलं, आणि २०१६ मध्ये त्या लीगच्या आठही कोचनी सीझनमधल्या सरावातलं टॅकल एकमताने बंद केलं. आठही! प्रतिस्पर्धी कोच असे एकमताने वागलेले मी फारसे पाहिलेले नाहीत.

याच्या उलट दिशेने काय चाललंय तेही लक्षात घ्या. सराव कमी होतोय आणि सामने वाढताहेत. २०२४ मध्ये प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारी बाद फेरी, १२ संघांचं झालं, आणि अंतिम सामना खेळलेल्या ओहायो स्टेट आणि नॉटर डेम या दोघांचेही १६ सामने झाले. व्यावसायिक संघ साखळीत १७ खेळतात. एका हाताने जपायचं आणि दुसऱ्या हाताने महिनाभर जास्त खेळवायचं, याचा मला राग येतो. सुरक्षेवर वाद घालायचाच असेल तर तो इथे घालायला हवा.

डोक्याखेरीज आणखी एका गोष्टीवर नजर ठेवा, ती म्हणजे उकाडा. २९ मे २०१८ ला मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मक्नेअर हा १९ वर्षांचा मुलगा सरावात धावता धावता कोसळला. उष्माघात होता. अशा वेळी मुलाला जागच्या जागी बर्फाच्या थंड पाण्याच्या टबात बुडवतात, त्याने जीव वाचतो. त्याला बुडवलं नाही. १३ जूनला तो गेला. नंतर विद्यापीठाने नैतिक आणि कायदेशीर जबाबदारी मान्य केली, ऑक्टोबरअखेरीस कोचला काढलं. त्यात टॅकलचा, हेल्मेटचा, कुठल्याही वादग्रस्त नियमाचा संबंध नव्हता. हवा होता तो पाण्याने भरलेला टब आणि 'थांब' म्हणायची हिंमत असलेला एक माणूस.

म्हणून मुलाला विचारायचे प्रश्न असे विचारा. ऑगस्टच्या सरावात थंड पाण्याचा टब मैदानाशेजारी भरून ठेवलेला असतो का? तुझा अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे तुमच्या इजा पाहणारा माणूस, कोण, त्याचं नाव काय, आणि तो 'नको' म्हणाला तर कोच ऐकतो का? इजा झालेल्या मुलाने खेळायचं की नाही, याबाबत नियमाप्रमाणे शेवटचा शब्द डॉक्टर-ट्रेनरचा आहे. कन्कशनचं निदान झालं की त्या दिवशी परत मैदानात उतरता येत नाही. पण कागदावरचा शेवटचा शब्द आणि मैदानावरचा शेवटचा शब्द एकच आहे की नाही, हे तिथल्या मुलांनाच माहीत असतं. अजून एक: तो सज्ञान आहे, त्यामुळे त्याने लेखी परवानगी दिल्याशिवाय डॉक्टर तुम्हाला काहीही सांगणार नाहीत. तो फॉर्म त्याच्याकडून भरून घ्या. आपल्या मुलाला मार लागल्याचं एका आईला तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या आईकडून कळलं होतं, तेव्हा तिचा आलेला फोन मी घेतला होता.

आणि मुलं लपवतात, हे गृहीत धरा. सीझनच्या आधी स्मरणशक्तीची, एकाग्रतेची चाचणी घेतात, म्हणजे मार लागल्यावर पुन्हा घेऊन तुलना करता येते. ती पहिली चाचणी मुद्दाम हळू, चुका करत देणारी मुलं मी पाहिली आहेत. नंतर डोकं गरगरत असलं तरी फरक दिसू नये म्हणून. गुणी, अभ्यासू, घरी फोन करून आईची विचारपूस करणारी मुलं ती. जागा जाईल ही भीती असते फक्त.

डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या मेंदूच्या आजाराबद्दल, सीटीईबद्दल, तुम्ही वाचलं असेल आणि रात्री झोप उडाली असेल. बॉस्टन विद्यापीठाने २०१७ मध्ये जे प्रसिद्ध केलं त्यात कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत तो आजार सापडला. आकडा भयंकर आहे, पण हे मेंदू ज्या कुटुंबांनी दान केले त्यांना बहुधा आधीच काहीतरी बिनसल्याची शंका होती, त्यामुळे खेळणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हा आजार होतो असा त्याचा अर्थ नाही. त्याच गटाच्या २०१९ च्या अभ्यासातली एक गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते. खेळाचं प्रत्येक जादा वर्ष सीटीईची शक्यता साधारण ३० टक्क्यांनी वाढवतं. एखाद्या मोठ्या धडकेपेक्षा हिशेब वर्षांचा आहे. तुमचा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. पाचव्या वर्षी खेळायचं का, हायस्कूलच्या दिवसांपासून किती वर्षं झाली, हे बोलायची वेळ आत्ताच आहे, आणि ते त्याच्या बाबांनी बोललेलं तो जास्त ऐकेल. मिस्टरांना या बाजूला घ्या. मुलाच्या खेळावर त्यांचं प्रेम आहे म्हणूनच ते तिथे उपयोगी पडतील.

शेवटी एक. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात पंच आहेत, रिप्ले आहे, पुढच्या सामन्याचा पूर्वार्ध आहे, यांचा राग आहे, तुमची लाज आहे. त्या धडकेनंतर त्याचं स्वतःचं डोकं दुखलं का, मान आखडली का, त्या रात्री त्याला नीट झोप लागली का, हे नाही. कदाचित तुम्ही विचारलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल. राहिलंच असेल, तर आज रात्री बाबांनी फोन हातात घ्यायच्या आधी तुम्ही घ्या.

– ताई